वाचनाचा वेग मोजून झाला, आता समज विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राथमिक शाळांतल्या मुलांना वाचता येतं की नाही, यावर आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात आणि मग चार दिवस पत्रं येत राहतात. कुणी शिक्षकांना दोष देतं, कुणी मोबाईलला, कुणी परीक्षा काढून टाकणाऱ्यांना. मी जुन्नर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथीचा वर्ग एकत्र सांभाळते. त्याआधी बरीच वर्षं पश्चिमेकडच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीवर होते. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सुटून जाते असं मला वाटतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. काटछाट करावी लागली तर करा, पण मधल्या उताऱ्याला आणि मुलांच्या उत्तरांना कात्री लावू नका, ही विनंती.

आम्ही मुलांना मोठ्यानं वाचायला शिकवतो. धड्यातलं वाक्य शोधून वहीत उतरवायलाही शिकवतो. वाचलेल्याचा अर्थ लावायला मात्र शिकवत नाही, कारण तो कुठंच विचारला जात नाही.

पालकसभेत मी हे असं दाखवते. फळ्यावर एक वाक्य लिहिते: ‘टिंबूनं सरकट भोंडुलीत लपवलं.’ मग विचारते, सरकट कुठं लपवलं? सगळे पालक एका सुरात सांगतात, भोंडुलीत. कुणी लपवलं? टिंबूनं. काय लपवलं? सरकट. तिन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण. मग विचारते, सरकट म्हणजे काय आणि ते लपवायची वेळ टिंबूवर का आली? सभा गप्प होते. यातले दोन्ही शब्द मी मनानं रचलेले आहेत, त्यांना अर्थच नाही. तरीही ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हा प्रश्न सुटतो, ‘रिकाम्या जागा भरा’ सुटतो, ‘जोड्या लावा’ही सुटतो. आपलं मूल रोज वहीत काय करतं, हे पालकांना त्या क्षणी कळतं. मागच्या सभेत एक आजोबा उठून म्हणाले, “बाई, म्हंजे आमचा नातू नुसता उतरून काढतोय म्हना की.” त्यांना ते एवढ्या लवकर उमगलं, पण आमच्या तपासणीच्या तक्त्यात ते बसवायला जागा नाही.

वेगाविषयी गैरसमज नको. वेग लागतोच. जे मूल ‘प्र-का-श’ असं फोडत वाचतं, त्याची सगळी शक्ती अक्षरांतच खर्च होते आणि वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. जोडाक्षरांपाशी तर मुलं हमखास अडतात. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं लक्ष्य ठेवलं आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण ते लक्ष्य नीट वाचून पाहा. त्यात ६० शब्दांच्या सोबत आणखी दोन अटी आहेत: मजकूर वयाला साजेसा पण अनोळखी असावा आणि वाचन अर्थ समजून झालेलं असावं. गावपातळीवर येईपर्यंत या दोन्ही अटी गळून पडतात आणि ६० हा आकडा तेवढा उरतो.

आमच्याकडे तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मोबाईलवर सेकंदकाटा लावला आणि चौथीच्या मुलीला पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला दिला. तो धडा वर्गात इतक्या वेळा झाला होता की तिला तो जवळजवळ पाठच होता. ती घडाघडा वाचत गेली, एका ठिकाणी ओळ चुकली तरी थांबली नाही, साहेबांनी शाबासकी दिली आणि तक्त्यात खूण केली. धड्यात काय होतं, हे तिला कुणी विचारलं नाही. साहेबांवर मी राग धरत नाही. त्यांना संध्याकाळपर्यंत आणखी शाळा उरकायच्या होत्या आणि त्यांच्या तक्त्यातही शब्दसंख्येचाच रकाना होता.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाचे आकडे आपण दर वेळी ठळक छापता. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, तर देशभरात २०१८ साली २०.९ टक्के, कोरोनानंतर २०२२ साली १६.३ टक्के आणि २०२४ साली २३.४ टक्के. घसरण भरून निघाली, हे चांगलंच झालं. पण ती मूळ चाचणी मोठ्यानं वाचून दाखवण्याची आहे: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. ज्या मुलांनी गोष्ट वाचून दाखवली, त्यांतल्या किती जणांना ती कळली, हे त्या आकड्यावरून समजत नाही. माझ्या वर्गात दर वर्षी अशी तीन-चार मुलं असतात, की जी खणखणीत वाचतात आणि पुस्तक मिटल्यावर त्यातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नाहीत.

म्हणून मी छोटे उतारे स्वतः लिहू लागले. त्यातला एक इथं देते.

‘दिवस मावळायच्या आत आईनं शेळ्या आत घेतल्या आणि कडी लावली. ओट्यावरचा दिवा आज तिनं चालूच ठेवला. शेतीची लाईट रात्री दहाला येणार होती. आण्णांनी काठी घेतली, मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावलं आणि ते उसाच्या कडेनं मोटर चालू करायला निघाले. “मी पण येतो,” गणू म्हणाला. “आज नको,” आई म्हणाली आणि तिनं त्याला जवळ ओढलं.’

एवढाच उतारा. मुलांनी तो आधी मनात वाचायचा, मग एकानं मोठ्यानं. पहिला प्रश्न मी अगदी सोपा विचारते: आण्णा कुठं निघाले? हे सगळ्यांना सापडतं आणि सापडायलाच हवं. दुसरा प्रश्न: घरातल्यांना कशाची भीती वाटते आहे?

जुन्नरच्या मुलांना हा प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं. “बिबट्या!” उताऱ्यात बिबट्याचं नाव कुठंच नाही. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारते, जो मी दिवसभर विचारत असते: कशावरून?

चौथीतली एक मुलगी म्हणाली, “गाणं लावलंय म्हणून. आमचे पप्पा पण लावतात. आवाज झाला की तो येत नाही.” दुसऱ्यानं शेळ्यांचं वाक्य वाचून दाखवलं, तिसऱ्यानं ऊस दाखवला. टोमॅटोच्या तोडणीसाठी बाहेरून आलेल्या एका कुटुंबातला मुलगा त्या वर्षी वर्गात होता. तो म्हणाला, “चोर असंल.” वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केलं आणि त्याला पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं कडी दाखवली, दिवा दाखवला, काठी दाखवली. तिन्ही चोरालाही लागू पडतात. वर्गाला ते मान्य करावं लागलं. मग तिसरीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “पण बाई, चोर येणार असता तर आण्णांनी गाणं लावलं असतं का? चोराला कळंल ना, घरातला माणूस बाहेर गेलाय म्हणून!” त्या मुलानं जरा विचार केला आणि म्हणाला, “मग बिबट्याच.” त्याला मी चूक म्हटलं नव्हतं, वर्गानंही म्हटलं नव्हतं. उताऱ्यातल्या एका वाक्याशी त्याचं उत्तर जुळेना, ते त्याचं त्यानं पाहिलं. मोठी माणसं ज्याला समीक्षा म्हणतात त्यातलं पहिलं पाऊल मला हेच वाटतं.

त्यानंतर मी ‘आज नको’वर थांबले. आईनं नुसतं ‘नको’ का म्हटलं नाही? मुलांनी दोन-तीनदा वाचलं. “रोज जात असंल तो,” एक जण म्हणाला. “दिवा पण आजच ठेवलाय,” दुसऱ्यानं लगेच वरचं वाक्य जोडून दिलं. मग आज काय झालं असेल? कुणी म्हणालं शेजारच्यांची शेळी नेली असेल, कुणी म्हणालं ठसे दिसले असतील. हे उताऱ्यात लिहिलेलं नाही, पण काहीतरी घडलं आहे एवढं उताऱ्यावरून पक्कं ठरतं. जे पक्कं आहे ते आणि जो आपला अंदाज आहे तो, या दोन्हींतली रेघ चौथीच्या मुलांना ओढता येते. शेवटचा प्रश्न गणूचा होता: त्याला जायचं का होतं? बरेच जण म्हणाले, त्याला भीती वाटत नाही म्हणून. एक मुलगी खूप सावकाश वाचते, मिनिटाला तीसेक शब्दांवर तिचं गाडं अडतं. ती म्हणाली, “आण्णा एकटे जाऊ नयेत म्हणून.” वेगाच्या तक्त्यात ही मुलगी सगळ्यांत खाली असते.

बिबट्याचा उतारा जुन्नरच्या मुलांना इतका चटकन का कळला, यामागचं कारण शोधायला फार लांब जायला नको: बिबट्या त्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे. १९८८ साली रेख्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या वयाच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची ठरलेली पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर कितीतरी बरा समजून सांगू शकली. याचा अर्थ मुलाजवळ आधी काय साठवलेलं आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. माझ्या वर्गाला सरकत्या जिन्याचा आणि मेट्रोच्या फलाटाचा उतारा दिला की हीच हुशार मुलं अडखळतात. उलट कोथरूडच्या मुलाला ‘शेतीची लाईट रात्री दहाला येणार होती’ हे वाक्य कोडं वाटेल. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. सुरुवात मुलांच्या ओळखीच्या जगातून करायची, म्हणजे अर्थ लावायची रीत हाताला बसते. मग हळूहळू परकं जग आणायचं आणि वाचायच्या आधी त्याविषयी दहा मिनिटं बोलायचं. समुद्राचा धडा आला तर माझी मुलं आधी माणिकडोहच्या धरणाच्या पाण्याविषयी बोलतात, मग धडा उघडतात. परिसर अभ्यासाचा तास कापून भाषेचा वाढवला तर वाचन सुधारेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर जरूर विचार करावा. मुलांना जग कमी माहीत झालं तर भाषेच्या तासालाही तेच नडणार आहे.

‘साहित्याचं विश्लेषण’ म्हटलं की पालक दचकतात. एवढ्याशा मुलांना ते कसं झेपेल, असं मला शाळेतल्याच एका सहकाऱ्यांनीही विचारलं होतं. मी त्यांना चिमणी-कावळ्याची गोष्ट घेतलेला तास बघायला बोलावलं. ही गोष्ट प्रत्येक घरात आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो आणि चिमणी आत बाळाचं एकेक काम सांगत त्याला थांबवत राहते. शेवट आमच्याकडे दोन-तीन तऱ्हांनी सांगतात.

चिमणीनं दार लगेच का उघडलं नाही? “ती कामात होती.” कशावरून? “तिनंच सांगितलंय.” ती खरं बोलते आहे का? इथं वर्ग दुभंगला. एका मुलानं दिलेलं कारण मी वहीत टिपून ठेवलं आहे: “खरंच काम असतं तर ती एकदाच सांगती, थांब, माझं एवढं उरकू दे. ती दर वेळी नवीन काम काढती.” म्हणजे गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारं वाक्य त्यानं पुरावा म्हणून वापरलं. मग मी म्हटलं, ही पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं काढूनच टाकू या. मुलांनी गोष्ट तशी सांगून पाहिली. चार ओळींत संपली. काय गेलं? “मजा गेली,” हे पहिलं उत्तर. थोड्या वेळानं दुसरं आलं: “कावळा भिजलाच नाही, बाई. लगेच आत आला.” ती वाक्यं असतात तेवढा वेळ बाहेर पाऊस पडत असतो, कावळा कुडकुडत असतो आणि ऐकणाऱ्याला त्याची दया येऊ लागते, हे त्या मुलीनं एका ओळीत सांगितलं होतं. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत हे मलाही कुणी दाखवलं नव्हतं.

नंतर आम्ही तीच गोष्ट कावळ्याच्या तोंडून सांगितली. ‘मी’ म्हणून लिहिताना मुलांचा कावळा एकदम वेगळाच झाला. कुणाचा रागावला, कुणाचा रडला, एकाचा म्हणाला की चिमणीकडं मेण होतं, माझ्याकडं शेणच होतं. त्यावरून वर्गात मेण आणि शेण मिळतं कुठं, विकत घ्यावं लागतं का, जमीन सारवलेल्या घरात राहणं वाईट का, असा विषय निघाला आणि मधल्या सुट्टीपर्यंत चालला. ज्यांच्या घरची जमीन आजही सारवलेली आहे ती मुलं त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलली. सहकारी शेवटपर्यंत बसून होते. आता ते पहिली-दुसरीला गोष्ट सांगताना मध्येच थांबून पुढं काय होईल ते विचारतात.

कवितेचं दुखणं आणखी वेगळं आहे. कविता आम्ही चालीत म्हणतो, हातवारे करतो, पाठ करून घेतो आणि पुढं सरकतो. पाठांतर मला आवडतं, ते राहावं. पण कवितेत कोण कुणाशी बोलतंय, एवढं तरी विचारायला काय हरकत आहे? गावातल्या एका आजींना आम्ही शाळेत बोलावलं होतं. त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मुलांनी विचारलं, आजी, प्रत्येक ओवीत भाऊ का येतो? आजी म्हणाल्या, “सासरी बोलायला दुसरं कोन व्हतं?” मुलांना ओवी कुणाशी बोलते आणि का, दोन्ही एका झटक्यात कळलं. आपल्या पुणे जिल्ह्यात तर याचा खजिना आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी ग्रामीण भारताचा संग्रह करणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. ते साहित्य वर्गापर्यंत यायला कुठल्याही परिपत्रकाची वाट बघायला नको.

आजींचं ‘व्हतं’ मी मुद्दाम तसंच ठेवलं. डोंगरातल्या शाळेत असताना ठाकर आणि महादेव कोळी मुलांच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेत तपासायला गेल्या होत्या. ‘त्याला लाज वाटली व्हती, कारन त्यानं मित्राला फशिवलं’ या उत्तराला अर्धा गुण कापून आला. धड्यात लाज हा शब्दच नव्हता. त्या मुलानं पात्राच्या मनातलं ओळखून, कारणासकट लिहिलं होतं. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, तिच्यासाठी शुद्धलेखनाचा प्रश्न वेगळा ठेवा. आकलनाच्या उत्तरात आकलनाचेच गुण द्या. ‘व्हतं’ला गुण कापले की ते मूल पुढच्या वेळी मनातलं लिहायचं सोडतं आणि धड्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतं. तिथं एकही चूक होत नाही ना!

गाईडचा प्रश्न यातूनच येतो. बालभारतीच्या पुस्तकांत चांगले प्रश्न नसतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं’, ‘असं का घडलं असेल’ असे प्रश्न स्वाध्यायात असतात. पण गाईडमध्ये त्या प्रश्नांचीही तयार उत्तरं छापलेली मिळतात आणि पंचवीस मुलांच्या वहीत ‘मी त्या जागी असतो तर’चं एकच उत्तर येतं, मुलींच्या वहीतसुद्धा ‘असतो’. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीच्या वर्गात आणायचं ठरल्यापासून पालकांना सराव प्रश्नसंचांची घाई झाली आहे. त्या परीक्षेत उताऱ्यावर, कवितेवर, जाहिरातीवर प्रश्न असतात आणि ते चांगलंच आहे. पण मुलांना शिकवली जाणारी युक्ती अशी असते: आधी प्रश्न वाच, त्यातला शब्द उताऱ्यात शोध, त्याच्या आजूबाजूला जे असेल त्याचा गोल रंगव. उतारा वाचायचं कामच उरत नाही.

वेळेचंही बोलायला हवं. दोन इयत्ता एका खोलीत, पोषण आहाराच्या नोंदी, रोज येणाऱ्या ऑनलाइन माहितीच्या लिंका भरणं, फोटो चढवणं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी मुलं हातात पुस्तक धरून रांगेत बसतात आणि फोटो काढून पाठवावे लागतात. त्याच दिवशी प्रत्येक मुलानं वाचलेल्या गोष्टीविषयी एक प्रश्न तयार करून शेजारच्याला विचारला तर दिवसाचं सोनं होईल, आणि त्याला साहित्यही काही लागत नाही. मूल प्रश्न कसा तयार करतं यावरून त्याला काय कळलं हे फार नेमकं समजतं. ज्याला नुसतं उतरवता येतं तो ‘कुठं’ आणि ‘कोण’ विचारतो. ज्याला गोष्ट भिडली आहे तो ‘का’ विचारतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. निपुणच्या तपासणीत मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा द्या, तसं त्या अभियानाच्या लक्ष्यातच लिहिलं आहे. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, त्यातला एक असा असू द्या की त्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नसेल. राज्यस्तरीय संकलित चाचण्यांत एक तरी प्रश्न असा ठेवा की त्याची दोन-तीन उत्तरं चालतील आणि गुण कारणाला मिळतील. शिक्षक मनमानी करतील ही भीती असेल तर नमुन्याची पाच उत्तरं गुणांसह द्या, आम्ही त्यावरून तपासू. चौथीच्या मुलांची ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी दर पाच वर्षांनी होते. तिच्या आराखड्यात सरळ सापडणाऱ्या माहितीला सुमारे २० टक्केच वाटा असतो. बाकीचं सगळं अंदाज बांधणं, धागे जोडणं आणि मजकुराविषयी मत देणं याला दिलेलं असतं. आमच्या घटक चाचणीचे प्रश्न कुणी याच कसोटीवर मोजून पाहावेत.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आम्ही शिक्षक जमतोच. तिथं पत्रकं वाचण्यातला अर्धा तास काढून प्रत्येकानं आपल्या गावचा सहा ओळींचा उतारा लिहून आणावा. ओतूरच्या बाईंनी कांद्याच्या आरणीवर लिहावं, नाणेघाटाकडच्या गुरुजींनी भाताच्या आवणीवर, नारायणगावच्या शाळेनं टोमॅटोच्या बाजारावर. वर्षभरात तालुक्याचा संग्रह होईल आणि त्याची तयार उत्तरं कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाहीत. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातली एक गोष्ट आठवड्याला घेतली तरी वर्गाला वर्षभर पुरेल.

पालकांनाही सांगते. शाळेत न गेलेली आईसुद्धा हे करू शकते. आमच्या एका मुलाची आई रात्री कांदे निवडत असते, तो शेजारी बसून गोष्ट वाचतो. ती हात न थांबवता विचारते, “मग त्यो असं का म्हनला?” त्याला पुन्हा वाचून शोधावं लागतं. तिला अक्षर येत नाही, पण गोष्ट कळते आणि कुठं काय खटकतं तेही कळतं. मुलानं उत्तर दिलं की लगेच ‘चूक’ म्हणू नका. कुठं लिहिलंय ते दाखवायला सांगा. नाही सापडलं तर ते मूल स्वतःच उत्तर बदलतं.

शेवटी आपल्याकडे एक मागणं आहे. आपल्या बालपुरवणीत शब्दकोडी आणि फरक ओळखा असतात, मुलांना ती आवडतात. त्याच पानावर आठवड्याला एक सहा-सात ओळींचा नवा उतारा छापा, खाली तीन प्रश्न द्या, त्यातला एक ‘कशावरून?’चा. पुढच्या अंकात उत्तरं छापू नका. मुलांनी पाठवलेल्या उत्तरांतली तीन-चार वेगवेगळी आणि कारण दिलेली उत्तरं मुलांच्याच भाषेत छापा, शाळेच्या नावासह. सुरुवातीला उतारे कमी पडले तर माझ्याजवळचे देते, बिबट्याचा वर दिलाच आहे. तो आपण मुंबईच्या आवृत्तीतही छापावा अशी माझी फार इच्छा आहे. त्या मुलांनी आण्णांच्या गाण्याचं काय कारण शोधलं, ते माझ्या वर्गाला वाचून दाखवायचं आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. जुन्नर, जि. पुणे